शीळफाट्यावर ठरलेली बेटं

कॅरिबियन समुद्रात नेमकं कुठे जायचं, हे आम्ही शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून लोक विचारतात की एवढा अभ्यास केलात कधी, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा येतो.

आम्ही चौघं होतो. डोंबिवलीहून मी आणि माझा नवरा श्रीकांत, ठाण्याजवळच्या बाळकुमहून फिलोमिना आणि तिचा नवरा आंतोन. (लिहिताना नवऱ्याला नावाने अरे-तुरे करते आहे. घरात अजून ‘अहो’च आहे, त्यामुळे हे तेवढंच सुख.) फिलोमिना आणि मी एकाच शाळेत शिकवून निवृत्त झालो. ती पीटीची, मी भूगोलाची. ती पोरांना पळवायची आणि मी झोपवायचे. निवृत्तीनंतर बायका भिशी लावतात, योगासनं करतात. आम्ही दोघी दर रविवारी मुंबईच्या बंदरात जाऊन शिडाची बोट चालवायला शिकलो. परीक्षा दिली, पास झालो आणि दाखलाही मिळाला. आता त्या दाखल्याचं करायचं काय, हा प्रश्न होता.

तेव्हा कळलं की जगात काही ठिकाणी बोट नुसती भाड्याने मिळते. गाडी घ्यावी आणि ड्रायव्हर नको म्हणावं, तसं. बोट ते देणार, कप्तान तुम्ही. हे वाचलं आणि माझी झोप उडाली. शिकताना माझ्या मागे कायम एक आवाज असायचा, “मॅडम, जरा डावीकडे... मॅडम, शीड सोडा.” आयुष्यात एकदा, एकदाच, मला अशी बोट चालवायची होती जिच्यावर माझ्या मागे कोणीच उभं नसेल. निळं पाणी आणि पांढरी वाळू बाकीच्यांना लखलाभ.

फिलोमिनाला मी विचारलं, कप्तान तू होतेस का? ती म्हणाली, “मना शिडं दे गो. हुकूम तू सोड. शाळंत पण तूच सोडायचीस.” म्हणजे कप्तान मी, हे ठरलं. ठरलं नव्हतं ते ठिकाण.

श्रीकांत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माणूस सज्जन, पण आमच्याकडे चहासुद्धा सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय उकळत नाही. त्याने रीतसर सभा बोलावली. पहिली सभा डोंबिवलीत, कांदेपोह्यांवर. श्रीकांतने ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा ठराव मांडला. तिथला समुद्र शांत, बेटं एकमेकांना चिकटून, एका बेटावरून दुसरं दिसतं, रात्री बोट बांधायला जागा तयार. नवशिक्यांना सगळे तिथेच पाठवतात. आंतोनला फ्रेंच बेटं हवी होती, कारण तिथे पाव चांगला मिळतो आणि चर्च जवळ असतं. तिथल्या व्हिसाची कागदपत्रं ऐकून त्याने पावाचा नाद सोडला आणि श्रीकांतच्या ठरावाला अनुमोदन दिलं. बहामाचं पाणी इतकं उथळ की बोट समुद्रात आहे की भाताच्या खाचरात, कळणार नाही. ते फिलोमिनाने मोडीत काढलं.

मला हवी होती ग्रेनेडाइन्स. सेंट व्हिन्सेंट नावाच्या मोठ्या बेटाखाली दक्षिणेकडे ही लहान बेटं ओळीने आहेत आणि दोन बेटांच्या मध्ये उघडा समुद्र. अटलांटिकची लाट तिथून थेट आत येते. वारा भरपूर. शेवटी एका प्रवाळाच्या कड्याआड टोबॅगो केज नावाची चिमुकली बेटं आहेत, तिथे समुद्री कासवं माणसांच्या पायाशी पोहतात. फिलोमिनाने कासवांचा फोटो पाहिला मात्र, फोनच्या पडद्यावर तेच लावून टाकलं.

तरी मतं दोन विरुद्ध दोन. दुसरी सभा बाळकुमला झाली, तीही तशीच फुटली. तिसरी ठरलेली नव्हती. पनवेलला एक लग्न जेवून आम्ही चौघं एकाच गाडीतून परत येत होतो आणि शीळफाट्याला अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला शेंगदाणेवाला. अशा गाडीतून कोणी सभात्याग करू शकत नाही.

“अगं, दिसणाऱ्या बेटावर जाण्यात वाईट काय आहे?” श्रीकांत म्हणाला. “समोर दिसतं, आपण जातो, पोचतो.”

“अहो, दिसेल तिथेच जायचं असेल तर ठाण्याला तलावपाळी आहे,” मी म्हणाले. “पायडल मारायचं, समोरचा काठ दिसतो. परत येताना मामलेदारची मिसळ खाऊ.”

आंतोन इतका हसला की शेंगदाण्याची पुडी त्याच्या सुटावर सांडली. “श्रीकांत, मी पार्टी बदलतो रे,” तो म्हणाला. “टीचर बोलतात ते बरोबर आहे.” तीन विरुद्ध एक. कंटेनर हलायच्या आत ठराव मंजूर झाला. श्रीकांतने फक्त एक दुरुस्ती सुचवली, की ईस्टर झाल्यावर जाऊ, म्हणजे उपवासाच्या दिवसांत आंतोनची रमसाठी घालमेल होणार नाही. तीही मंजूर.

सेंट व्हिन्सेंट

विमानांचा कंटाळा सांगत नाही. सांगण्यासारखं एकच. फिलोमिनाने घरचा बाटली मसाला सोबत घेतला होता. त्यांच्याकडे तो पूर्वापार बियरच्या तपकिरी बाटलीत ठासून भरतात. सेंट व्हिन्सेंटच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी ती बाटली उजेडात धरली, बूच काढलं आणि खोल वास घेतला. पुढची काही मिनिटं त्या देशाचं संपूर्ण कस्टम खातं शिंकत होतं. बाईंनी डोळे पुसत बाटली परत दिली आणि यात काय काय घालतात ते विचारलं. फिलोमिनाने सांगितलं नाही. ती मलाही सांगत नाही.

धक्क्यावर एल्रॉय नावाचा उंच, संथ माणूस आमची वाट बघत होता. बोट हातात देण्याआधी कप्तानाची परीक्षा घ्यायची, हे त्याचं काम. बोट चाळीस फुटी, पांढरीशुभ्र, एका डोलकाठीची. मी डोक्याला टोपी घालून सगळ्यांच्या पुढे उभी होते. एल्रॉयने माझ्याकडेच बघून विचारलं, “कप्तान कोण?”

आणि मी अंगठा मागे वळवून श्रीकांतकडे दाखवला. “आस्क हिम,” म्हणाले.

का? आजही मला कोणी विचारलं तर सांगता येत नाही. मी ठरवून केलं नाही, तोंडातून गेलं. गॅसवाला येतो, बँकेतला मुलगा येतो, रंगारी विचारतो की भिंतीला कुठला रंग, डॉक्टर विचारतात की दुखतंय कधीपासून, आणि आपण म्हणतो, “यांना विचारा.” उत्तर आपल्याला पाठ असतं, पण ते यांच्या तोंडून जावं अशी रीत. ती रीत माझ्याबरोबर मसाल्यासारखी सात समुद्र पार आली होती आणि तिला कस्टममध्ये कोणी हुंगलं नव्हतं.

श्रीकांतलाही त्याची सवय नडली. कोणी त्याला विचारा म्हटलं की तो प्रश्न न ऐकता मान डोलावतो. “येस, येस,” तो म्हणाला आणि पुढच्याच मिनिटाला सुकाणूच्या चाकामागे उभा होता. एल्रॉय म्हणाला, बोट बाहेर काढा. श्रीकांतने एक दांडा पुढे ढकलला. बोटीचं तोंड निघालं, शेपूट मात्र धक्क्याला बांधलेलंच. फिलोमिनाने धावत जाऊन दोर सोडला, तशी बोट सुटली आणि शेजारच्या फ्रेंच जोडप्याच्या बोटीकडे निघाली. ते दोघं नाश्ता करत होते. एल्रॉयने चाक हिसकावलं म्हणून त्यांचा नाश्ता वाचला. आंतोनच्या हातातला चहा वाचला नाही.

एल्रॉय रागावला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की आठवडाभर आमचा एक कप्तान तुमच्याबरोबर येईल. तो चालवेल, तुम्ही मजा करा.

दोन वर्षांचे रविवार, तीन सभा, शीळफाटा, सगळं एका अंगठ्याने घालवलं होतं. आणि तरी तोंड उघडत नव्हतं. आता मी कप्तान आहे म्हटलं तर हा माणूस हसेल, असं वाटत होतं.

“वैशू, तोंड हाय का तुला?” फिलोमिना बोटीच्या टोकावरून माझ्यावर ओरडली.

तेवढ्यात श्रीकांतने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. “सॉरी,” तो एल्रॉयला म्हणाला. “आय ॲम ओन्ली सेक्रेटरी. शी इज कॅप्टन.”

बोटीवर सेक्रेटरी असतो, हे एल्रॉयने प्रथमच ऐकलं असावं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि म्हणाले, “कप्तान मी आहे.” इंग्रजीत म्हणाले, पण इतक्या मोठ्याने की फ्रेंच जोडप्याने माना वळवल्या.

मग परीक्षा झाली. बोट बाहेर काढली, फिलोमिनाने शीड चढवलं, वाऱ्याकडे तोंड करून वळणं घेतली. शेवटी पाण्यावर तरंगणाऱ्या एका गोळ्याला बोट नेऊन बांधायची होती. पहिल्यांदा गोळा हुकला. मागे एल्रॉय उभा होता आणि मी मनात वाट बघत होते, आता म्हणेल, “मॅडम, जरा डावीकडे.” तो काही बोलला नाही. मी फिरून पुन्हा आले आणि दुसऱ्यांदा फिलोमिनाने आकडीने गोळा अलगद उचलला. एल्रॉयने हात मिळवला आणि म्हणाला, “सकाळी निघा, कप्तान.” मी तिथे रडले, हे लपवत नाही. आंतोनने रुमाल दिला, त्याला चहाचा वास होता.

बेक्वे

पहिलं बेट बेक्वे. मधला पट्टा नकाशात बोटभर दिसतो. प्रत्यक्षात मोठ्या बेटाचा आडोसा संपला आणि वारा असा आला की बोट एका अंगावर कलली, भांडी कपाटातून बाहेर आली आणि आंतोनने जपमाळ काढली. मी चाक धरून उभी. मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं, नुसतं पाणी. मला इतका आनंद झाला की मी भूगोलाच्या तासाला ओरडायचे तशी ओरडले, “व्यापारी वारे!” तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलेला वारा आज प्रथमच माझ्या कानात शिरला होता.

श्रीकांतला मात्र बोट लागली. ओवा झाला, लिंबू झालं, शेवटी तो आडवा झाला तो दोन दिवस. म्हणून आम्ही बेक्वेच्या खाडीत मुक्काम वाढवला. वाईट झालं असं नाही. गाव टुमदार, किनाऱ्याने बदामाची झाडं, रंगीत घरं, आणि सकाळी बोटीबोटीने फिरून पाव विकणारा एक हसरा म्हातारा. बाजारात आपल्या कोकणात असतो तो नीरफणस मिळाला. तिथे तो आख्खा विस्तवावर भाजतात आणि खारवलेल्या माशाबरोबर खातात. आंतोनने त्याचे काप करून बाटली मसाल्यात तळले. पाववाल्या म्हाताऱ्याने ते खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पावाचे पैसे घेईना.

किनाऱ्यावर एक बाई रोटी विकायच्या. रोटी म्हणजे काय, तर पोटात वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी, बटाट्याच्या भाजीभोवती गुंडाळलेली. डाळ तिखट होती, नाहीतर मी तिला पुरणपोळीच म्हटलं असतं. बाईंचा चेहरा आपल्याकडचा. त्यांच्या पणजीची आई जहाजात बसून भारतातून आली होती, एवढंच त्यांना ठाऊक. कुठून, ते नाही. “तुम्ही भारतातून बोटीने आलात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, विमानाने. त्या जरा हिरमुसल्या. फिलोमिनाने त्यांना गळ्यातला रुमाल काढून दिला आणि त्यांनी आम्हाला आंब्याचं लोणचं बांधून दिलं. डोंबिवलीत शेजारणींमध्ये चालतं तसंच हे चाललं होतं, फक्त मागे इमारतींच्या जागी निळं पाणी होतं.

दुसऱ्या संध्याकाळी श्रीकांत उठून बसला आणि त्याने मऊ भात खाल्ला. मग म्हणाला, “एक सांगू? व्हर्जिन बेटांचा ठराव मी समुद्र शांत म्हणून नव्हता मांडला.”

“मग?”

“तिथे तू चुकलीस तरी कोणी बुडणार नाही, म्हणून मांडला होता.”

मला राग यायला हवा होता. आलाही. पण हा माणूस पोहता येत नसताना, विरोधी मत देऊन, हरून, तरीही माझ्या बोटीत येऊन दोन दिवस ओकला होता. मी त्याला अजून थोडा भात वाढला.

कॅनुआन

दोन दिवस गेल्यामुळे कासवांसाठी एकच दिवस उरला, रविवार. पण रविवारी आंतोनला मिस्सा हवी. बेक्वेचं चर्च टेकडीवर, फादर बोलघेवडे, गाणी लांबलचक. शिवाय सगळं गाव मिस्सा झाल्यावर हात मिळवायला थांबतं, बाळकुमला थांबतं तसंच. आम्ही निघालो तेव्हा उशीर झाला होता.

टोबॅगो केजमध्ये शिरायचं तर सूर्य डोक्यावर हवा. प्रवाळाचे खडक पाण्याखाली असतात आणि ते रंगावरून ओळखायचे. गडद निळं म्हणजे खोल, पिवळट म्हणजे खडक. ढग आले की सगळं पाणी एकाच रंगाचं होतं. आम्ही कॅनुआन बेटाशी आलो तेव्हा सूर्य कलला होता आणि पूर्वेकडून काळं आभाळ येत होतं. समोर, अगदी समोर, ती चिमुकली बेटं दिसत होती. फिलोमिना टोकाला उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

“तासाभराचा तर प्रश्न आहे, टीचर,” आंतोन म्हणाला. उशीर त्याच्यामुळे झाला होता, म्हणून बिचारा जास्तच अजीजीने बोलत होता. “इंजिन लावा ना, पोचू.”

“मतदान घेऊ,” श्रीकांत म्हणाला. सवय. “जायचं, या बाजूने कोण?” आंतोनचा हात वर. श्रीकांतचा स्वतःचा वर. समोर दिसणारं बेट ही त्याची जुनी आवड. फिलोमिनाने हात वर केला, पण माझ्याकडे न बघता.

तीन विरुद्ध एक. शीळफाट्यावर हाच आकडा माझ्या बाजूने होता, तेव्हा मला लोकशाही फार आवडली होती.

मी पाण्याकडे बघितलं. ते राखाडी होतं, सगळीकडे सारखं. माझ्या मागे कोणी असतं तर मी वळून विचारलं असतं. तेव्हा प्रथमच त्या रिकाम्या जागेची भीती वाटली. इतकी वर्षं जी जागा मागत होते, तीच ती.

“बोटीवर मतदान नसतं,” मी म्हणाले. “पाणी दिसत नाहीये. आपण कॅनुआनला थांबतोय. फिलू, शीड उतरव.”

फिलोमिनाने क्षणभर समोर बघितलं आणि मग शीड उतरवलं, नीट, एक घडी न चुकवता. आम्ही कॅनुआनच्या खाडीत नांगर टाकला. गावात गेल्या वादळात उडालेल्या छपरांच्या जागी नवे पत्रे चकाकत होते. जरा वेळाने पाऊस आला तो असा, की बोटीचं टोक दिसेना. सकाळी वारा आणखी चढला होता, आभाळ तसंच बंद. वाऱ्याच्या उलट बोट परत न्यायला दोन दिवस तरी हाताशी हवेत. मी बोट उत्तरेकडे वळवली. कासवं राहिली. फिलोमिना दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुपारी तिने मला विचारलं, “चाय पिणार?” तेव्हा मी सुटले.

धक्क्यावर परतल्यावर एल्रॉयने बोट तपासली. एक ओरखडा नव्हता.

पुन्हा बाळकुम

परत आल्यावर फिलोमिनाकडे जेवण झालं. टॉवरांच्या मध्ये त्यांचं कौलारू घर अजून उभं आहे. फुगे होते, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आणि डुकराचं आंबट-तिखट इंद्याल. आंतोनचे थोरले भाऊ डोमनिक पंगतीच्या टोकाला बसले होते. त्या घरात कुठलंही भांडं आधी त्यांच्यापुढे जातं, मग बाकीच्यांकडे.

फोटो बघून झाले. डोमनिकभाऊंनी श्रीकांतला विचारलं, “ती कासवांची जागा रायली ती कशी? लांब होती?”

“नाही. समोर दिसत होती,” श्रीकांत म्हणाला.

“समोर दिसत होती, आनि गेला नाय?”

श्रीकांतचं तोंड फुग्याने भरलेलं. त्याने घास गिळला. “कप्तानला विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा अंगठा सवयीने उठलाच होता. श्रीकांतकडे वळण्याआधी मी तो खाली घेतला.

“ढग आले होते. खडक दिसत नव्हते,” मी म्हणाले. “मी नको म्हटलं.”

“आनि तू ऐकलं?” डोमनिकभाऊ फिलोमिनाकडे वळले. “फोनवर कासवं लावून फिरत होतीस ना?”

ती अजून तशीच फिरते. फोन तिच्या हाताशीच होता, कासव वर.

“कप्तान नको बोलली, म्हंजे नको,” फिलोमिना म्हणाली. मग इंद्यालचं भांडं उचललं, डोमनिकभाऊंच्या समोरून पुढे आणलं आणि पहिलं मला वाढलं.